सोळा वर्षं स्वतःचं वर्तमानपत्र, मताधिकार मात्र त्यानंतर पंचवीस वर्षांनी: अबिगेल स्कॉट डनिवे

सोनचाफा:

अमेरिकेतल्या बायकांच्या मताधिकाराची गोष्ट निघाली की आपल्याकडे सुझन अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन ही दोन नावं येतात. दोघी पूर्वेकडच्या. मला मात्र गेलं वर्षभर पश्चिमेकडच्या एका बाईने झपाटलंय: ऑरेगनच्या अबिगेल स्कॉट डनिवे.

जन्म १८३४, इलिनॉय. १८५२ मध्ये वडिलांनी सगळं कुटुंब बैलगाड्यांत घातलं आणि ऑरेगनची वाट धरली. अबिगेल सतरा वर्षांची. रोजनिशी लिहायचं काम वडिलांनी तिच्यावर सोपवलं होतं. वाटेत आई पटकीने गेली, पुढे धाकटा भाऊ विली गेला. या दोन्ही नोंदी तिलाच कराव्या लागल्या.

पुढच्या वर्षी बेंजामिन डनिवेशी लग्न, मग शेती आणि मुलं. नवरा भला, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि शेत गेलं. त्यानंतर गाडीच्या अपघातात तो जायबंदी झाला आणि घर बाईवर आलं. तिने शाळा चालवली, मग ऑल्बनी गावात बायकांच्या टोप्यांचं दुकान काढलं. त्या दुकानात तिने गावभरच्या बायकांची गाऱ्हाणी ऐकली. बायकांना मत मिळाल्याशिवाय यातलं काही बदलणार नाही, हे तिला पहिल्यांदा सांगितलं ते नवऱ्यानेच.

१८७१ मध्ये कुटुंब पोर्टलंडला आलं आणि ५ मे रोजी तिच्या 'द न्यू नॉर्थवेस्ट' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. मुक्त वाणी, मुक्त मुद्रण, मुक्त जन हे ब्रीदवाक्य. सोळा वर्षं चालवलं. अग्रलेख तिचे, क्रमशः कादंबऱ्या तिच्या, गावोगाव भाषणं देत वर्गणीदार जमवायची तीच, आणि त्या प्रवासाची पत्रं पुढच्या अंकात छापायची तीच. १८८७ मध्ये तिने ते विकलं.

त्याच पोर्टलंडमध्ये सगळ्यात मोठा पेपर होता 'ओरेगोनियन', आणि त्याचा संपादक होता तिचा सख्खा धाकटा भाऊ हार्वी स्कॉट. मताधिकाराचा कट्टर विरोधक.

ऑरेगनच्या पुरुषांनी या प्रश्नावर सहा वेळा मतदान केलं: १८८४, १९००, १९०६, १९०८, १९१० आणि १९१२. पाच वेळा नाही, सहाव्यांदा होय. यातलं १९०० मला छळतं. बाजूने २६,२६५, विरोधात २८,४०२. जेमतेम दोन हजारांचा फरक! आणि त्या वेळी हार्वीच्या पेपरने ऐन मोक्याला विरोधात लिहिलं तेव्हा उत्तर द्यायला बहिणीकडे स्वतःचा पेपर नव्हता.

म्हणून माझं ठाम मत असं की 'न्यू नॉर्थवेस्ट' विकणं चळवळीला फार महागात पडलं. तो हातात असता तर १९०० मध्येच निकाल लागला असता. तुम्हाला काय वाटतं?

तिरफळ:

निकालाचं नंतर बोलू. मला आधी सांगा, या भावाने भाऊबीजेला ओवाळणीत काय घातलं असेल?

रानपाखरू:

@तिरफळ, अग्रलेख!

खिळेजुळारी:

ताई, धागा वाचून बरं वाटलं. आमच्या घरी आजोबांपासून छापखाना होता, ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र) आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, खणांच्या पेट्या. त्यामुळे 'सोळा वर्षं साप्ताहिक चालवलं' हे वाक्य माझ्या अंगावर येतं. वाचणाऱ्याला अग्रलेख दिसतो. त्यामागे एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांत ओळ जुळवणं असतं, गॅलीवरून मुद्रितं काढणं, चुका दुरुस्त करून फर्मा बांधणं, अंक छापून झाला की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणात सोडणं. हे दर आठवड्याला. पावसाळ्यात कागद ओला, शाई वाळत नाही. वर वर्गणीदार पैसे 'पुढच्या महिन्यात' देणार.

डनिवेबाईंचे मुलगेच खिळे जुळवायचे ना? घरच्या माणसांवर चालणारे छापखाने असेच असतात. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली की आई एकटी किती ओढणार? मला पेपर विकल्याचं नवल वाटत नाही, सोळा वर्षं टिकला याचं वाटतं.

सोनचाफा:

@खिळेजुळारी, हो, मुलं छपाईत होती. आणि बहीण कॅथरीन कोबर्न काही वर्षं संपादनात होती, त्यामुळे अबिगेलला दौऱ्यावर जाता यायचं. कॅथरीन पुढे 'ओरेगोनियन'मध्ये गेली. एकाच घरातली तीन भावंडं संपादनात, आणि एका प्रश्नावर घर दुभंगलेलं.

खिळे पुन्हा खणात सोडण्याचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पायवाट:

मी वकिली करते, म्हणून मला यातला जामिनाचा भाग जास्त भिडला. नवरा कागदावर सही करताना बायकोला कुणी विचारलं नाही. पण कर्ज थकलं तेव्हा शेरीफ समन्स घेऊन आला तो नवरा घरी नसताना, आणि ते बजावलं तिच्यावर. देण्याच्या वेळी ती कायद्याला दिसली, सहीच्या वेळी दिसली नव्हती. तिने आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय.

असली प्रकरणं मी आजही बघते. मागे एक बाई आल्या होत्या, नवरा मित्राला जामीन, राहतं घर जप्तीला आलेलं, आणि बाईंना पहिली बातमी मिळाली ती दारावर चिकटवलेल्या नोटिशीतून. वर पतसंस्थेतला माणूस त्यांनाच म्हणाला, 'वहिनी, तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं.' मला आजही तो आवाज आठवला की संताप येतो.

तेव्हा सोनचाफाताई, हिशोब फक्त मताच्या निकालावर करू नका. १८७२ मध्ये ऑरेगनात विवाहित बाईला स्वतःच्या नावाने धंदा करायची कायदेशीर मोकळीक मिळाली, १८७८ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. दोन्ही 'न्यू नॉर्थवेस्ट'च्या काळातले, आणि डनिवेबाई दोन्हींसाठी झगडल्या. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोची शिलाई-मशीन उचलून नेता येऊ नये, हे त्या काळच्या बाईला मताच्याही आधी हवं होतं.

आडगावकर:

धागा चांगला आहे, पण मूळ मताशी मी अजिबात सहमत नाही.

पेपर हातात असताना काय झालं ते बघा ना. १८८४! पेपर जोरात चालू, बाईंचं नाव घराघरात. निकाल काय? बाजूने ११,२२३, विरोधात २८,१७६. सरळ धुव्वा. पेपर नसताना १९०० मध्ये फरक दोन हजारांवर आला. मग कशावरून म्हणायचं की पेपरमुळे जिंकलो असतो? आकडे तर उलटं सांगतात.

दुसरं, पेपर अगदीच नव्हता असंही नाही. १८९५ ते १८९७ त्यांनी 'पॅसिफिक एम्पायर' नावाचं साप्ताहिक संपादित केलं होतं.

सोनचाफा:

@आडगावकर, 'पॅसिफिक एम्पायर' दोनच वर्षांत संपला, १९०० च्या मतदानाला तो नव्हताच. आणि १८८४ ते १९०० मध्ये बाजूची मतं दुपटीहून जास्त झाली, ती कुठून आली? १८७१ पासून गावोगाव जे पेरलं होतं ते उगवायला वेळ लागणारच. १८८४ मध्ये मत देणाऱ्यांपैकी बरेच जण तो पेपर यायच्या आधीच मनं पक्की करून बसलेले पुरुष. १९०० मधले कितीतरी मतदार अशा घरांत वाढलेले की जिथे आईच्या हातात तो अंक असायचा.

आडगावकर:

पेरलं म्हणता, ते मान्य. पण मग पीक यायच्या वेळी शेत कुणाच्या ताब्यात होतं याने फरक पडत नाही, असंच तुमच्या उत्तरातून निघतं. म्हणजे पेपर विकल्याने नुकसान झालं नाही!

तिरफळ:

आडगावकरांनी वकिली करायला हवी होती. पायवाटताई, सांभाळा.

विलामेटकाठी:

मी बरीच वर्षं पोर्टलंडला आहे. इथे डनिवे पार्क आहे, त्यातली लायलॅकची बाग वसंतात बघण्यासारखी असते. तिच्या नावाची प्राथमिक शाळाही आहे. रिव्हर व्ह्यू दफनभूमीत तिला पुरलंय.

भावाचं सांगते. माउंट टेबर नावाची टेकडी आहे शहरात. तिच्या माथ्यावर हार्वी स्कॉटचा मोठा पुतळा होता, रशमोर पर्वतावरचे चेहरे कोरणाऱ्या गट्झन बोर्गलमने केलेला, १९३३ चा. ऑक्टोबर २०२० मध्ये निदर्शनांच्या काळात लोकांनी तो पाडला. काही महिन्यांनी त्याच चौथऱ्यावर एका रात्रीत कुणीतरी यॉर्कचा अर्धपुतळा बसवला. यॉर्क म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुइस आणि क्लार्कच्या मोहिमेतला गुलाम माणूस. त्या दिवसांत मी मुलांना घेऊन टेकडीवर गेले होते आणि हार्वीची बहीण कोण होती हे त्यांना तिथेच पहिल्यांदा सांगितलं.

आणखी एक. ऑरेगनमध्ये मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, मी जेवणाच्या टेबलावर बसून, सोबतची पुस्तिका वाचून, सावकाश खुणा करते. १८७२ मध्ये पोर्टलंडमध्ये डनिवे आणि आणखी तीन बायका अध्यक्षपदासाठी मत द्यायला गेल्या होत्या. मतपत्रिका घेतल्या गेल्या, पण पेटीत टाकायच्या ऐवजी पेटीखाली सरकवल्या. मोजल्या नाहीत. त्या चौघींत मेरी बीटी ही कृष्णवर्णीय स्त्री होती. टेबलावर मतपत्रिका उघडली की मला दर वेळी त्या पेटीखालच्या चार कागदांची आठवण होते.

रानपाखरू:

@विलामेटकाठी, किती सुंदर प्रतिसाद! पेटीखाली सरकवल्या हे वाचून घशात आलं. नकार तोंडावर देण्याचंही धैर्य नव्हतं.

कृष्णाकाठ:

या काळाचा आपल्याशी धागा जुळतो तो पंडिता रमाबाईंमुळे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या आणि १८८८ अखेरपर्यंत अमेरिकेत होत्या. म्हणजे 'न्यू नॉर्थवेस्ट'ची शेवटची वर्षं आणि रमाबाईंचा तिथला मुक्काम जवळजवळ एकाच वेळचे. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केलं. तिथल्या बायकांच्या संस्था, शिक्षण, हक्क यांवर इतक्या आधी मराठीत लिहिलेलं पुस्तक आहे हे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

पण एक फरक लक्षात घ्या. रमाबाई फ्रान्सिस विलर्डने आणि तिच्या मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेने भारावून गेल्या होत्या. डनिवेबाईंचं नेमकं त्याच संघटनेशी हाडवैर! त्यांचं म्हणणं, बायकांना मत मिळालं की दारू बंद होणार असं तुम्ही ओरडत सुटलात तर एकही पिणारा पुरुष आपल्याला मत देणार नाही, आणि गुत्तेवाले थैल्या मोकळ्या सोडतील. शिवाय सरसकट बंदी हीच मुळात माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्या मानत. त्यावरून दारूविरोधी बायकांनी त्यांच्यावर गुत्तेवाल्यांचे पैसे खाल्ल्याचे आरोपही केले.

आडगावकर:

@कृष्णाकाठ, हाच मुद्दा मला मांडायचा होता, तुम्ही नीट मांडलात. शेजारच्या वॉशिंग्टन प्रदेशात १८८३ मध्ये बायकांना मत मिळालं, त्यांनी ज्यूरीत बसून कामही केलं, आणि १८८७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. दारूवाल्यांचा राग तिथे मोठं कारण होता. डनिवेबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा भाऊ आणि पेपर यांच्यापेक्षा खरा अडसर दारूचा होता.

डोंगरझरा:

मी दारूवर लिहिणार नव्हते, पण राहवत नाही.

आमच्या गावात बायकांनी आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणलं होतं. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी कापसाच्या कामाला गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने. आम्ही घरोघर फिरलो. आदल्या रात्री गावात फुकट दारू वाटली गेली. माझ्या सासूबाई तोवर नवरा सांगेल तिथे शिक्का मारायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने मत देऊन आल्या. दुकान बंद झालं.

डनिवेबाईंचं राजकीय गणित मला कळतं. पण ज्या बाईचा नवरा रोज पिऊन मारतो तिला मत कशाला हवंय हे विचाराल, तर ती पहिलं कारण हेच सांगणार. ते कारण तोंडातून काढू नको असं तिला सांगायचा हक्क कुणालाच नाही, डनिवेबाईंनाही नाही. इथे मी रमाबाईंच्या बाजूने.

पायवाट:

@डोंगरझरा, तुम्हाला आणि तुमच्या सासूबाईंना मनापासून नमस्कार.

तरी बाईंची बाजू मांडते. त्यांना रोष पत्करायची भीती नव्हती. १८७९ मध्ये दक्षिण ऑरेगनच्या जॅक्सनव्हिलमध्ये त्यांच्यावर अंडी फेकली, पुतळा जाळला. तरी दौरे थांबले नाहीत. १८७१ मध्ये तर पेपर काढून जेमतेम चार महिने झालेले, घरात मुलं, आणि सुझन अँथनीला घेऊन या ऑरेगन आणि वॉशिंग्टनभर सुमारे दोन हजार मैल फिरल्या. बोट, घोडागाडी, चिखल. अशा बाईला भित्री म्हणता येणार नाही. दारूच्या प्रश्नावर गप्प राहणं हा त्यांचा डाव होता. गाजावाजा न करता वजनदार पुरुषांना एकेकटं गाठून वळवायचं, ही त्यांची पद्धत. शेजारच्या आयडाहो राज्यात ती चालली, १८९६ मध्ये तिथे बायकांना मत मिळालं.

डोंगरझरा:

भित्री मी म्हटलंच नाही हो. पण वजनदार पुरुषांना गाठायचं म्हणजे कापसाला गेलेली बाई पुन्हा बाहेरच राहिली.

विलामेटकाठी:

डोंगरझराताईंच्या शेवटच्या वाक्यावरून १९१२ बद्दल लिहिते. त्या वर्षी डनिवे सत्तरीच्या पुढे होत्या आणि बराच काळ आजारी. मोहीम चालवली ती नव्या बायकांनी. डॉ. एस्थर पोल लव्हजॉय होत्या. हॅटी रेडमंड यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची मताधिकार संघटना चालवली. श्रीमती एस. के. चॅन यांच्या पुढाकाराने चिनी-अमेरिकन स्त्रियांचीही संघटना होती. गाजावाजा टाळण्याचा डनिवेबाईंचा मार्ग त्यांनी सोडला आणि भाषणं, मिरवणुका, जाहिराती असा सरळ कल्ला केला. बाजूने ६१,२६५, विरोधात ५७,१०४. शेजारी वॉशिंग्टनमध्ये १९१० मध्ये आणि कॅलिफोर्नियात १९११ मध्ये बायकांना मत मिळालेलं होतं, त्याचाही जोर होताच.

तरीही सगळ्याजणींना मत मिळालं नाही. बहुतेक मूळनिवासी लोकांना नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळालं. चीनमधून आलेल्यांना ते १९४३ पर्यंत घेता येत नव्हतं, भारतातून आलेल्यांना १९४६ पर्यंत. ऑरेगनचे भगतसिंग थिंड यांना पोर्टलंडच्या न्यायाधीशांनी १९२० मध्ये नागरिकत्व दिलं आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. म्हणजे तेव्हा मी इथे असते तर मला मत नसतं.

कृष्णाकाठ:

आणि १९१२ च्या मोहिमेच्या आगेमागे वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्येच होते! कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात शिकत होते आणि लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना संघटित करत होते. त्यातूनच १९१३ मध्ये ऑरेगनच्याच अॅस्टोरिया गावात इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीची सुरुवात झाली. पोर्टलंडच्या रस्त्यांवर एकीकडे मताधिकाराच्या सभा, दुसरीकडे आपले क्रांतिकारक. यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.

तिरफळ:

कृष्णाकाठ, तुम्हीच काढा. आम्ही वाचायला तयार आहोत.

खिळेजुळारी:

मूळ प्रश्नाकडे येतो. बाईंनी पेपर विकला त्याच्या आदल्या वर्षी, १८८६ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी क्लारा क्षयाने गेली. पाच मुलगे, एक मुलगी, आणि ती गेली. ज्या बाईने सतराव्या वर्षी आईच्या मृत्यूची नोंद केली तिला हेही लिहावं लागलं. मुलांची इच्छा आयडाहोत जमीन घेऊन जनावरं पाळायची होती, पेपरचे पैसे तिकडे गेले. 'विकायला नको होता' हे आपण आज म्हणू शकतो, पण विकणाऱ्या बाईकडे मला बोट दाखवता येत नाही.

आमचा छापखाना वडिलांनी विकला तेव्हा खिळे वजनावर गेले. त्यामुळे या विषयावर मी हळवा आहे, हे समजून घ्या.

सोनचाफा:

@खिळेजुळारी, बोट मी बाईंकडे दाखवत नाही, त्यांच्यावर सगळा भार टाकणाऱ्या चळवळीकडे दाखवते. सोळा वर्षं एका कुटुंबाने पेपर ओढला. १८८७ मध्ये तो विकायला निघाला तेव्हा ऑरेगनमधल्या मताधिकारवाल्यांनी मिळून तो घ्यायला हवा होता. कुणी घेतला नाही. मग १९०० मध्ये एका माणसाचा अग्रलेख राज्यभर पोचला आणि त्याला तितक्या घरांत पोचणारं उत्तर गेलं नाही. आडगावकर, तुमचे आकडे मी पुन्हा पाहिले, आणि माझं मत तेच आहे. १९०६ मध्ये बाजूने ३६,९०२ आणि विरोधात ४७,०७५, म्हणजे संधी मागे सरकली. १९०८ मध्ये आणखी सरकली. १९१० मध्ये फक्त कर भरणाऱ्या बायकांपुरती मागणी केली तरी ५९,०६५ जणांनी नाही म्हटलं. १९०० हीच दारं किलकिली झालेली वेळ होती.

डोंगरझराताई, तुमचं म्हणणं मात्र मी मान्य करते. बारा वर्षांनी दार उघडलं ते वजनदार पुरुषांना गाठून नाही, सगळ्या थरांतल्या बायका रस्त्यावर आल्या म्हणून.

आडगावकर:

१९०६ च्या वेळी राष्ट्रीय संघटना स्वतः पैसा आणि माणसं घेऊन उतरली होती, तिच्या अध्यक्ष अॅना हॉवर्ड शॉ जातीने. तरी हरले. पेपरने ते वाचलं असतं असं मला अजूनही वाटत नाही. पण चळवळीने पेपर विकत घ्यायला हवा होता, हे पटलं. तेवढ्यावर हात मिळवू.

रानपाखरू:

शेवटी बाईंनी मत दिलं का? ते कुणी लिहिलंच नाही.

विलामेटकाठी:

दिलं. १९१२ च्या निकालानंतर गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांनी मताधिकाराचा जाहीरनामा डनिवेबाईंकडूनच लिहून घेतला. ३० नोव्हेंबर १९१२ ला गव्हर्नरबरोबर त्यांनीही त्यावर सही केली. पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीत मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली स्त्री त्याच. ऑक्टोबर १९१५ मध्ये गेल्या. हार्वी १९१० मध्येच गेला होता.

पायवाट:

ज्या बाईला न विचारता शेतावर सही झाली, तिची सही राज्याच्या जाहीरनाम्यावर. वा!

सोनचाफा:

'न्यू नॉर्थवेस्ट'चे अंक युनिव्हर्सिटी ऑफ ऑरेगनच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात स्कॅन करून ठेवले आहेत, फुकट वाचता येतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी १८७१ च्या शरद ऋतूतली प्रवासपत्रं आधी वाचा, सुझन अँथनीबरोबरच्या दौऱ्याची. कृष्णाकाठ, खानखोज्यांच्या धाग्याची वाट बघते.